वय तीन वर्षे व पुढे

इतवारीहून खोका आला. सुतळी कापली.
वर फुगे, पिपाण्या, चिकटपट्टीत केस अडकलेली एक बाहुली,
आणि तळाशी सहा नग
कालू वखार.

मी आधी ओळखलाच नाही त्याला.
बोटभर उंची, चौकड्याचा शर्ट, कपाळावर खोक,
खांदे, कोपर, गुडघे, सगळं फिरतं,
आणि उजव्या मुठीत कुऱ्हाड,
काढता-घालता येणारी.

"अव काकू, हा तं रात्रीच्या सिरियलमधला!"
बांगड्या भरायला बसलेली सोनटक्क्यांची सून बोलली
आणि बोलून लाजली.
ती सिरियल कोण कोण पाहतं
हे आमच्या दारव्हा रोडवर कुणी कुणाला सांगत नाही.

डबीवर गोल चिठ्ठी : वय तीन वर्षे व पुढे.
नखानं उचकटली.
खाली छापील अठरा.

ठोकवाल्याला फोन लावला. हसला तो.
"वहिनी, खेळणं ते खेळणं.
प्लास्टिकले का वय रायते?"

प्लास्टिकला नसेल.
माझ्या फळीच्या खालच्या दोन कप्प्यांना आहे,
जिथवर लेकरांचा हात पोचतो.
सहाही नग वर सरकवले,
कुंकवाच्या करंड्यांमागे.

पहिलं गिऱ्हाईक पंचायत समितीतले कुत्तरमारे बाबू.
"भाच्यासाठी," म्हणाले, हळूच.
मग डबी उलटून पाहत,
"पण पहिल्या भागात याच्याकडे कुऱ्हाड नव्हती."
भाव केला नाही. खिशात उभा केला,
डोकं बाहेर राहील असा.
चाळिशीतल्या माणसाला खेळावंसं वाटलं,
तर मी कोण विचारणारी?

मग भोंगाड्यांचा प्रज्वल.
दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा,
लाकडी नंदीच्या शिंगांना बेगड घ्यायला आलेला.
वर पाहिलं आणि बेगड विसरला.
"तू ओळखते त्याले?"
"मंग! बाबा रोज पायते. कानात वायर टाकून.
त्याले वाटते, मी झोपलो."

म्हणजे यानं सगळं पाहिलं होतं
आवाजाशिवाय.
मी स्टूल ओढलं.
"काय करते रे तो?"

"लोकाइले खांद्यावर घेते.
रातच्यानं. जे झोपले असते न, त्याइले.
मंग गाडीत टाकून घरी नेऊन देते.
मी अंगणात झोपलो का
बाबाबी मले तसाच नेते."

"आन् कुऱ्हाड?"
"लाकडं तोडाले. वखार हाय न त्याची."

हातातली बांगडी हातातच राहिली माझ्या.
खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.
ते वाक्य मी दिवसभर
गिऱ्हाइकांच्या मनगटांवरून फिरवत राहिले.

"उद्या बोजारा जमला का घेतो. ठेवजा."

आला. अडतीस रुपये, सगळी चिल्लर,
बगलेत नंदी, नाकाला बेगड चिकटलेली.
मी डबी आधीच फोडून ठेवली होती.
"कुऱ्हाड?"
"या नगात नाही आली."
थोडा थांबला.
"चालते. लाकडं तोडून झाली असतीन."

आणि त्या रिकाम्या मुठीत
त्यानं कासरा ओवला. बरोब्बर बसला.
ढोलामागून नंद्यांची रांग निघाली,
कालू वखार बैलावर, मान थोडी वाकडी.
पानठेल्यापाशी त्याचा बाप उभा होता.
त्यानं ओळखलं. माझ्याकडे पाहिलं.
मी काचेवरची धूळ पुसायला लागले.

चार नग अजून वर आहेत.
परत पाठवावे, तर भाडं माझ्याच अंगावर.
विकावे, तर उद्या एखादा येईल
आवाजासकट पाहिलेला,
आणि पहिल्यांदा कुऱ्हाडच मागेल.

ती गल्ल्यात आहे, चिल्लरीत.
सुटे देताना बोटाला लागते,
रक्त येत नाही,
नुसतं टोचतं.